सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली नाळ: घाबरायचं कशाला आणि विचारायचं काय

सोनोग्राफीचा रिपोर्ट घरी आला की बाळाच्या वजनानंतर सगळ्यांची नजर एका ओळीवर अडकते: ‘गळ्याभोवती नाळेचा एक वेढा’. मग फोनाफोनी सुरू होते, आईची झोप उडते आणि कळांची वाटही न बघता कुणीतरी ‘सिझर करूनच टाका’ म्हणतं. त्याच रिपोर्टमध्ये नाळ वारेला (प्लासेंटाला) नेमकी कुठे जोडली आहे याबद्दल एक अक्षर नसतं, आणि ते का नाही हे कुणी विचारत नाही. नाळेविषयीची आपली काळजी भलत्याच जागी खर्च होते, असं माझं ठाम मत आहे. वेढ्याची धास्ती आहे तेवढा वेढा घातक नाही. नाळेचं टोक चुकीच्या जागी जोडलेलं असेल किंवा तिच्यातला रक्तप्रवाह हळूहळू आटत असेल, तर मात्र ते वेळेत कळल्यावर बाळ वाचवता येतं.

आधी रचना समजून घेऊ. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब आणि १ ते २ सेंटिमीटर जाड असते. आत तीन रक्तवाहिन्या: एक शीर, दोन धमन्या. एरवी धमनीत प्राणवायूने भरलेलं रक्त असतं, इथे मात्र उलट. वारेकडून बाळाकडे प्राणवायू आणते ती शीर, आणि बाळाने वापरलेलं रक्त वारेकडे परत नेतात त्या धमन्या. तिघींभोवती व्हार्टन्स जेली नावाचा लिबलिबीत पण घट्ट थर असतो आणि सगळ्या नाळेला पीळ असतो, साधारण दर ५ सेंटिमीटरला एक. जेली आणि पीळ मिळून नाळेला दाबापासून वाचवतात. बाळाची वाढ खुंटलेली असेल तर बऱ्याचदा जेलीही कमी असते आणि नाळ बारीक दिसते.

आता तो वेढा. जन्माच्या वेळी शंभरातल्या २० ते ३० बाळांच्या गळ्याभोवती नाळ असते. बाळ पोटात फिरतं तसा वेढा पडतो आणि सुटतोही. ३६ व्या आठवड्याला दिसलेला वेढा बाळंतपणात असेलच असं नाही. ‘गळा आवळला जाईल’ ही भीती स्वाभाविक आहे, पण पोटातलं बाळ नाकातोंडाने प्राणवायू घेतच नाही. तो नाळेतून येतो. त्यामुळे गळा दाबला जाणं हा मुद्दा नाही. नाळ स्वतः दाबली जाते का, एवढाच प्रश्न आहे. कळांमध्ये डोकं खाली सरकताना वेढा ताणला गेला तर बाळाचे ठोके क्षणभर उतरतात आणि कळ ओसरली की परत वर येतात. मॉनिटरवर हे दिसतं आणि बहुतेक वेळा त्यावर लक्ष ठेवणं पुरेसं असतं. ठोके उतरून वर येतच नसतील, तर मग सिझरचा निर्णय ठोक्यांवरून घ्यायचा, सोनोग्राफीतल्या वेढ्यावरून नव्हे.

डोकं बाहेर आल्यावर डॉक्टर किंवा सिस्टर बाळाच्या मानेशी बोट फिरवून वेढा आहे का बघतात. सैल असेल तर डोक्यावरून काढतात, नाहीतर खांद्यांवरून मागे सरकवतात. घट्ट असेल तर डोकं आईच्या मांडीशी धरून ठेवून बाकीचं अंग कोलांटीसारखं बाहेर येऊ देतात आणि मग वेढा सोडवतात. खांदे बाहेर यायच्या आधीच नाळ कापणं हा अगदी शेवटचा पर्याय. एकदा कापली आणि खांदे अडकले, तर बाळाचा एकमेव पुरवठा आपल्याच हाताने तुटलेला असतो. आणखी एक गोष्ट लेबर रूममध्ये नेहमी बोलली जात नाही. घट्ट वेढ्यात आधी दबते ती पातळ भिंतीची शीर. धमन्या चालूच राहतात. म्हणजे बाळाचं रक्त वारेकडे जात राहतं, पण परत येत नाही. असं बाळ पांढुरकं, मलूल जन्मू शकतं. म्हणूनच नाळ अखंड ठेवून वेढा सोडवणं आणि मगच चिमटा लावणं याला अर्थ आहे.

वेढा असो वा नसो, शेवटच्या तीन महिन्यांत घरी बघायची गोष्ट एकच: बाळाची हालचाल. रोजच्यापेक्षा स्पष्टपणे कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखान्यात जावं. ‘उद्याची अपॉइंटमेंट आहेच’ म्हणून थांबू नये.

आता त्या न लिहिलेल्या ओळीकडे येऊ. नाळ सहसा वारेच्या मध्याजवळ जोडलेली असते. काही वेळा ती कडेला, म्हणजे वारेच्या काठापासून २ सेंटिमीटरच्या आत असते. अशा वेळी बाळाची वाढ जरा नीट बघावी लागते, बाकी फार काही नाही. खरी जपायची स्थिती तिसरी. नाळ वारेपर्यंत पोचतच नाही, ती पाण्याच्या पिशवीच्या पडद्यात संपते आणि तिथून रक्तवाहिन्या उघड्याच, जेलीच्या आवरणाशिवाय, पडद्यावरून वारेपर्यंत जातात. एका बाळाच्या गरोदरपणात हे साधारण शंभरात एकदा आढळतं. जुळ्यांत, विशेषतः एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत, त्याहून बरंच जास्त.

यातल्या काही वाहिन्या नेमक्या गर्भाशयाच्या तोंडावरून जात असतील तर त्याला व्हासा प्रीव्हिया म्हणतात. पाण्याची पिशवी फुटताना त्या वाहिन्याही फाटतात. जे रक्त जातं ते आईचं नसतं, बाळाचं असतं. बाळाच्या अंगात किलोमागे फक्त ८० ते १०० मिलिलीटर रक्त असतं, म्हणजे अडीच किलोच्या बाळात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास. चहाच्या एका कपाएवढं रक्त गेलं तरी बाळ हातचं जातं. आई ठणठणीत असते, तिचं बीपी उत्तम असतं, त्यामुळे बाहेरून गांभीर्य लक्षात येत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १५५ गरोदरपणांच्या अभ्यासात, जिथे हे बाळंतपणाआधी सोनोग्राफीत कळलं होतं तिथे ९७ टक्के बाळं वाचली. जिथे कळलं नव्हतं तिथे ४४ टक्के. तपासणीने इतका मोठा फरक पडतो अशा जागा प्रसूतिशास्त्रात थोड्याच आहेत.

ही तपासणी अवघड नाही. १८ ते २२ आठवड्यांच्या ॲनोमली स्कॅनमध्ये (बाळातली व्यंगं शोधणाऱ्या सोनोग्राफीत) पोटात जागा असते, वार पूर्ण दिसते. मशीनवर वेगाची पट्टी कमी ठेवून कलर डॉप्लर (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) लावला आणि प्रोब वारेवरून सावकाश फिरवला की नाळ कुठून शिरते ते सहसा मिनिटभरात सापडतं. वार मागच्या भिंतीवर असेल तर बाळ कुशीवर वळायची वाट बघावी लागते. उशिरा शोधायला गेलं तर बाळाची सावली आड येते, म्हणून ही वेळ चुकवू नये.

पुढची पायरी सगळ्यांना लागत नाही. पण विसाव्या आठवड्याला वार खाली होती (नंतर ती वर सरकली तरीही), वार दोन भागांत आहे किंवा तिचा एखादा तुकडा वेगळा आहे, नाळ पडद्यात जोडलेली आहे, जुळं आहे किंवा आयव्हीएफने गर्भ राहिला आहे, अशा वेळी योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या आतल्या तोंडावर कलर डॉप्लर लावून बघितलाच पाहिजे. ‘आता वार वर गेली, काळजी मिटली’ असं म्हणून इथेच फसगत होते. वार वर सरकते, पण पडद्यावरच्या वाहिन्या तोंडाशीच मागे राहू शकतात.

तिथे रंग दिसला की दोन खात्र्या करायच्या. पहिली, तो रंग कुणाच्या रक्ताचा. पल्स डॉप्लरचा (एकाच जागचा प्रवाह आलेखात दाखवणाऱ्या सोयीचा) कर्सर त्या वाहिनीवर ठेवला आणि ठोके मिनिटाला १४० च्या आसपास आले तर वाहिनी बाळाची, ८० च्या आसपास आले तर आईची. दुसरी, ती जागेवर आहे का. नाळेची सुटी घडी तोंडाशी येऊन पडली तरी पडद्यावर अगदी असंच चित्र दिसतं. आईला कुशीवर वळायला सांगायचं, थोडं चालून यायला सांगायचं आणि परत बघायचं. सुटी नाळ हलते, पडद्यात अडकलेली वाहिनी तिथेच राहते. ही दुसरी पायरी गाळली की विनाकारण घबराट होते.

व्हासा प्रीव्हिया पक्का झाला तर ३२ आठवड्यांच्या सुमारास परत बघतात, कारण गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो तशा काहींच्या वाहिन्या तोंडापासून दूर जातात. राहिल्या तर ३० ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान दवाखान्यात भरती करण्याचा विचार, फुप्फुसं पक्व करणारी स्टिरॉइडची इंजेक्शनं, आणि कळा किंवा पाणी जाण्याआधी, ३४ ते ३७ आठवड्यांत ठरवून सिझर. दवाखाना असा हवा जिथे बाळासाठी ओ निगेटिव्ह रक्त आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग (एनआयसीयू) दोन्ही लगेच मिळेल. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी ही सोय आधीच, शेवटच्या महिन्याची वाट न बघता, ठरवून ठेवावी.

एकच धमनी असलेली नाळ हा आणखी एक घाबरवणारा शेरा. रिपोर्टमध्ये ‘टू व्हेसल कॉर्ड’ असं लिहिलेलं असतं. शंभर गरोदरपणांत एखाद्या वेळी किंवा त्याहून कमी आढळतो. खात्री करायची सोपी जागा म्हणजे बाळाचं मूत्राशय. त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक धमनी जाताना रंगात दिसायला हवी. एकच दिसली तर बाळाचं हृदय आणि मूत्रपिंडं बारकाईने बघायची. बाकी सगळं ठीक असेल तर फक्त शेवटच्या तीन महिन्यांत वाढीची सोनोग्राफी करत राहायची. एवढ्याच कारणावरून पोटातलं पाणी काढून गुणसूत्रांची तपासणी करायची गरज नसते. पीळ कमी-जास्त असणं आणि नाळेला गाठ पडणं यांबद्दल तर मी आणखी कमी बोलेन. खरी गाठ शंभरातल्या एखाद्या नाळेत असते, सोनोग्राफीत क्वचितच खात्रीने दिसते, आणि बहुतेक बाळं त्या गाठीसकट सुखरूप जन्मतात.

डॉप्लरबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे ‘डॉप्लर नॉर्मल’ हे दोन शब्द रिपोर्टमध्ये सर्रास लिहिले जातात आणि त्यातून काहीच कळत नाही. नाळेच्या धमनीचा डॉप्लर खरं तर वारेची परीक्षा घेतो. पडद्यावर एकामागून एक डोंगर उमटतात. डोंगराचं टोक म्हणजे बाळाचं हृदय आकुंचन पावतं तो क्षण, आणि दोन डोंगरांमधली दरी म्हणजे हृदय विश्रांती घेतं तेव्हाचा प्रवाह. वार निरोगी असेल तर तिच्यात अडथळा कमी असतो, त्यामुळे दरीतही प्रवाह चालू राहतो; दरी तळरेषेला टेकत नाही. वारेतल्या बारीक वाहिन्या बंद होत गेल्या की दरी खाली खाली येते. ती तळरेषेला टेकली तर प्रवाह शून्य, रेषेच्या खाली गेली तर रक्त उलटं वाहतंय. यालाच अनुक्रमे अ‍ॅब्सेंट आणि रिव्हर्स्ड एंड डायास्टोलिक फ्लो म्हणतात. दरी खोल होण्यापासून उलटी होण्यापर्यंतचा हा प्रवास काही बाळांत आठवड्यांचा, काहींत दिवसांचा असतो.

डॉप्लरचं हे मोजमाप चुकतं ते साध्या कारणांनी. बाळ श्वासासारखी छाती हलवत असताना मोजलं तर डोंगर उंच-सखल येतात. बाळ शांत व्हायची वाट बघायची. बाळाच्या पोटाजवळ मोजलं तर अडथळा जास्त येतो, वारेजवळ कमी येतो, म्हणून नाळेच्या मोकळ्या घडीवरच मोजायचं आणि पुढच्या वेळीही तिथेच. मशीनचा वॉल फिल्टर जास्त ठेवला तर तळाचा मंद प्रवाह मशीनच गाळून टाकतं आणि धडधाकट बाळाचा प्रवाह शून्य दिसतो. फिल्टर ६० हर्ट्झ किंवा त्याहून खाली आणायचा. प्रोब जोरात दाबायचा नाही. आईला उताणी सपाट न झोपवता किंचित डाव्या कुशीवर कलतं ठेवायचं. किमान तीन सारखे डोंगर आल्याशिवाय मोजमाप धरायचं नाही. प्रवाह शून्य वाटला तर दुसरी धमनीही बघायची आणि मगच फोन उचलायचा.

रिपोर्टमध्ये नाळेच्या धमनीचा पीआय (डोंगर आणि दरी यांच्या फरकावरून काढलेला अडथळ्याचा आकडा) आणि तो त्या आठवड्यासाठी कितव्या पर्सेंटाइलवर आहे, हे दोन्ही असलं पाहिजे. पीआय आठवड्यागणिक उतरत जातो, त्यामुळे २८ व्या आठवड्याला चालणारा आकडा ३६ व्या आठवड्याला चालत नाही. आणि ‘युटेराइन आर्टरी’ म्हणजे आईच्या गर्भाशयाची धमनी. तिचा आकडा बाळाच्या नाळेचा समजू नये. हा घोळ रिपोर्ट वाचताना नेहमी होतो.

हा डॉप्लर कुणाचा करायचा? बाळाचं वजन त्या आठवड्याच्या मानाने कमी भरतंय, आईचं बीपी वाढलंय, आधी बाळ पोटातच दगावलेलं आहे किंवा फार कमी वजनाचं झालेलं आहे, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, एका वारेवरची जुळी आहेत, अशांचा. जोखमीच्या गरोदरपणात नाळेचा डॉप्लर वापरल्याने बाळं दगावण्याचं प्रमाण साधारण २९ टक्क्यांनी घटलं, असं अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. सगळं सुरळीत असलेल्या आईचा दर भेटीत डॉप्लर केल्याने मात्र असा फायदा दिसलेला नाही. तो खर्च टाळलेला बरा.

दरी शून्यावर आली तर साधारण ३३ ते ३४ आठवड्यांत, उलटी झाली तर ३० ते ३२ आठवड्यांत बाळंतपण करतात, अर्थात त्याआधी बाळाचे ठोके किंवा डक्टस व्हेनोससचा (नाळेतलं रक्त बाळाच्या हृदयाकडे नेणाऱ्या छोट्या वाहिनीचा) प्रवाह बिघडला नाही तर. ३२ आठवड्यांनंतर सुरू होणाऱ्या वाढीच्या अडचणीत आणखी एक फसवी गोष्ट असते: नाळेचा डॉप्लर ठीक दिसतो, पण बाळाने रक्त मेंदूकडे वळवायला सुरुवात केलेली असते. म्हणून त्या काळात मेंदूच्या मधल्या धमनीचा डॉप्लरही सोबत हवा.

पाणी गेलं आणि मायांगाशी नाळ हाताला लागली किंवा दिसली, तर ती प्रसूतीतली सगळ्यात घाईची वेळ. बाळ आडवं किंवा पायाळू असेल, पाणी जास्त असेल, डोकं वर तरंगत असेल तर हे होण्याची शक्यता वाढते. १०८ ला फोन करायचा. आईने गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर ठेवून राहायचं. गाडीत डाव्या कुशीवर, कंबरेखाली उशा घालून. नाळ आत ढकलायची नाही आणि सारखी हाताळायचीही नाही, कारण हात लागला की तिच्या वाहिन्या आक्रसतात. दवाखान्यात हाताने डोकं वर उचलून धरतात किंवा मूत्राशयात कॅथेटरने सुमारे ५०० मिलिलीटर सलाइन भरून डोकं वर राहील असं करतात, आणि सिझरला नेतात.

बाळ बाहेर आल्यावरही नाळ बरंच सांगते. ठोके बिघडल्याने केलेलं सिझर, कमी वजनाचं बाळ, जन्मतः न रडलेलं बाळ, अशा वेळी नाळेच्या रक्ताची गॅस तपासणी (रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी) करायला हवी. १० ते २० सेंटिमीटरचा तुकडा दोन चिमट्यांमध्ये बंद करून बाजूला ठेवला तर तासाभरात कधीही रक्त काढता येतं. आधी धमनी, नंतर शीर. धमन्या बारीक आणि घट्ट लागतात, शीर रुंद आणि मऊ. सिरिंज हेपॅरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) ओली करून जास्तीचं हेपॅरिन पूर्ण बाहेर टाकायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. धमनीचा पीएच शिरेपेक्षा कमी यायलाच हवा, फरक ०.०२ पेक्षा कमी असेल तर दोन्ही वेळा सुई एकाच वाहिनीत गेली असं समजायचं. धमनीचा पीएच ७.० च्या खाली आणि बेस डेफिसिट (आम्लता किती साठली याचा आकडा) १२ किंवा जास्त असेल, तर प्राणवायूच्या कमतरतेने मेंदूला इजा झाली आहे का, यावर पहिले सहा तास डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. श्रीमंत देशांत अशा बाळांना थंड ठेवण्याच्या उपचाराने फायदा दिसला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात झालेल्या हेलिक्स चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ साली आले, तो दिसला नाही. उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. म्हणजे आपल्याकडे तरी बाळ त्या अवस्थेला पोचू न देणं, वेळेत डॉप्लर, वेळेत निर्णय, हाच भरवशाचा मार्ग आहे.

बाळ रडलं, हालचाल ठीक असली तर नाळेला चिमटा लावायची घाई नको. जागतिक आरोग्य संघटना १ ते ३ मिनिटं थांबायला सांगते. तेवढ्या वेळात ८० ते १०० मिलिलीटर रक्त वारेतून बाळाकडे येतं, आणि त्यातलं लोह पुढचे काही महिने पुरतं. बाळाला आईच्या पोटावर ठेवलं तरी हे रक्त येतं, खाली धरायची गरज नाही. कावीळ थोडी जास्त दिसू शकते, ती बघता येते. कमी दिवसांच्या बाळांत थांबण्याने मृत्यू कमी होतात. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाची नाळ मात्र पिळून रक्त ढकलायचं नाही, त्याने मेंदूत रक्तस्राव वाढल्याचं दिसलं आहे. नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवण्यासाठी चिमटा लवकर लावा, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणावं. ते रक्त आत्ता बाळाचं आहे.

घरी आल्यावर नाळेचं टोक कोरडं ठेवायचं, बस्स. हळद, तेल, काजळ, राख, पावडर काही नको. लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा. ५ ते १५ दिवसांत टोक आपोआप पडतं, पडताना थेंबभर रक्त आलं तर चालतं. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन लाली पसरायला लागली, पू आला, वास आला किंवा बाळ दूध ओढेनासं झालं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. पडल्यावर ओलसर गुलाबी गाठ राहिली तर तिच्यावर साधा उपचार असतो, पण घरी काही लावू नये. तीन-चार आठवडे उलटूनही नाळ पडली नाही तर डॉक्टरांना दाखवावं, क्वचित त्यामागे पांढऱ्या पेशींचा दोष निघतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. दरवेळी दुपटं सोडून बेंबी त्यांना उजेडात दाखवावी.